छोटा लूपर घेताना मिनिटं मोजू नका, बटण तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी इलेक्ट्रिक गिटार, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज तापवून फाडणारं पेडल), एक डिले (पडसाद देणारं पेडल) आणि छोटा ॲम्प आहे. कधीकधी पिकअप असलेली अकूस्टिकही वाजवता. पेडलबोर्डवर एकाच छोट्या पेडलापुरती जागा उरली आहे. तिथे एका बटणाचा लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहणारं पेडल) घ्यावा की दोन बटणांचा, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरेल की जास्त हवं, हे तुम्हाला ठरवायचं आहे. शिवाय शेवटी जाता जाता लिहिलंय की मित्राच्या लूपरवर प्रयत्न केला तेव्हा लूप दर फेरीला एकाच जागी अडखळत होता, आणि ते पेडल साधं असल्यामुळे तसं होत असेल का, अशी शंका आहे.

माझ्या मते या शेवटच्या वाक्यातच खरा प्रश्न आहे. लूपर हे पायाने वाजवायचं वाद्य आहे. त्यात किती मिनिटं मावतात यापेक्षा पाय पडल्यावर ते नेमकं काय करतं, आणि तो पाय नेमका कधी पडतो, यावर सगळं अवलंबून असतं. पेडल बदललं तरी अडखळणं तसंच राहण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून निवडीबद्दल आणि वापराबद्दल एकत्रच लिहितो.

मिनिटांचा मुद्दा लवकर मिटतो. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० मात्रा) एक मात्रा ०.६ सेकंदाची. चार मात्रांचे चार बार (आवर्तनं) म्हणजे १६ मात्रा, म्हणजे ९.६ सेकंद. बारा बारांचा अख्खा ब्लूज त्याच लयीत २८.८ सेकंदांत पुरा होतो. अगदी ६० बीपीएमची संथ लय आणि ३२ बारांचा घाट धरला तरी १२८ सेकंद होतात. टीसी इलेक्ट्रॉनिकचा मूळ डिट्टो पाच मिनिटं देतो, बॉस आरसी-१ बारा मिनिटं देतो, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ७२० नावाप्रमाणे ७२० सेकंद, म्हणजे बाराच मिनिटं देतो, आणि बॉसचाच आरसी-५ तेरा तासांपर्यंत जातो. वरचे थर त्याच लांबीत मिसळले जात असल्यामुळे थर वाढले म्हणून लूप लांबत नाही. तेव्हा घरच्या रियाजासाठी पाच मिनिटंसुद्धा वापरून संपत नाहीत. जास्त वेळ आणि साठवणीच्या जागा ज्यांना तयार ट्रॅक पेडलात ठेवून कार्यक्रमाला न्यायचे असतात त्यांच्या कामाच्या.

आता बटणाकडे येऊ. एका बटणाच्या लूपरमध्ये रेकॉर्ड, प्ले, ओव्हरडब (वाजत्या लूपवर नवा थर चढवणं), स्टॉप, अनडू (शेवटचा थर काढणं) आणि लूप पुसणं ही सहाही कामं त्या एकाच बटणावर असतात. एकदा दाबलं की रेकॉर्ड सुरू, पुन्हा दाबलं की लूप बंद होऊन वाजायला लागतो, तिसऱ्यांदा दाबलं की ओव्हरडब. थांबवायला लागोपाठ दोनदा दाबायचं, अनडूसाठी दाबून धरायचं, पुसायला लूप थांबलेला असताना दाबून धरायचं. ऐकायला सोपं आहे, आणि रेकॉर्ड-प्ले-ओव्हरडबपुरतं ते खरंच सोपं आहे. अडचण थांबवताना येते.

वाजत असलेला लूप दोनदा दाबून थांबवता तेव्हा पेडलाला पहिल्या दाबावर कळत नाही की दुसरा येणार आहे. त्यामुळे पहिल्या दाबावर बहुतेक पेडलं ओव्हरडबमध्ये जातात आणि दुसऱ्या दाबावर थांबतात. म्हणजे लूप समेवर, बारच्या पहिल्या मात्रेवर, थांबायला हवा असेल तर दुसरा दाब समेवर पडला पाहिजे आणि पहिला त्याच्या आधी. १२० बीपीएमला पहिला दाब चौथ्या मात्रेच्या मध्यावर टाका, म्हणजे समेच्या २५० मिलिसेकंद आधी, आणि दुसरा थेट समेवर. ६० बीपीएमला मात्र अर्धी मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते, आणि इतक्या अंतराने पडलेले दोन दाब पेडल वेगवेगळे धरण्याचा धोका असतो. तिथे पाव मात्रा आधी पहिला दाब टाकावा लागतो. दुसरा दाब हुकला तर पेडल ओव्हरडबमध्येच राहतं आणि तुम्ही पुढे जे वाजवाल ते गुपचूप लूपमध्ये जाऊन बसतं. लोकांसमोर हे झालं की सावरायला कठीण जातं.

म्हणून माझा पहिला निकष हा: फक्त घरी, गमक आणि सोलो घोटायला लूपर हवा असेल तर एक बटण पुरतं. गाणं म्हणता म्हणता, किंवा कोणासमोर वाजवायचं असेल तर स्टॉपसाठी वेगळं बटण हवंच. ते दोन मार्गांनी मिळतं. डिट्टो एक्स२ किंवा ७२० सारखं दोन बटणांचं पेडल घ्या, त्याची रुंदी जास्त असते. नाहीतर छोटंच पेडल घ्या, पण बाहेरचा फूटस्विच जोडायचा जॅक असलेलं. आरसी-१ मध्ये तो आहे, आणि त्यावर स्टॉप व अनडू मिळतात. तुमच्याकडे जागेची अडचण आहे, तेव्हा दुसरा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. बाहेरचा स्विच बोर्डवर बसवायची गरज नसते, तो जमिनीवर बोर्डाच्या शेजारी ठेवता येतो आणि नको तेव्हा काढून ठेवता येतो.

बटणाबद्दल आणखी एक गोष्ट पेडलाच्या डब्यावर लिहिलेली नसते: ते दाबताक्षणी काम करतं की सोडताक्षणी. काही पेडलांत एकाच बटणावर दाबून धरायचं कामही असल्यामुळे पेडल तुम्ही पाय उचलेपर्यंत वाट पाहतं. रेकॉर्डला दाबताक्षणी आणि ओव्हरडबला सोडताक्षणी, असंही मिश्रण सापडतं. तपासायला सोपं आहे. लूप रिकामा असताना बटण दाबून तसंच अर्धा सेकंद धरा, त्या अर्ध्या सेकंदात एक छोटा स्वर वाजवून लगेच हाताने दाबून टाका, मग पाय उचला आणि दोन सेकंदांनी लूप बंद करा. तो स्वर लूपमध्ये ऐकू आला तर पेडल दाबल्यावर चालतं. नाही आला तर सोडल्यावर. सोडल्यावर चालणारं पेडल वाईट असतं असं नाही, पण तिथे पाय समेवर उचलायची सवय करावी लागते, आणि ठेका धरणाऱ्या पायाला ते उलटं वाटतं. मी स्वतः दाबताक्षणी चालणारंच सुचवेन.

आता अडखळण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

लूपची लांबी म्हणजे दोन दाबांमधलं अंतर, दुसरं काही नाही. पेडलाला ताल कळत नाही, बार कळत नाही. समजा १२० बीपीएमला चार बार वाजवलेत. लूप बरोबर आठ सेकंदांचा व्हायला हवा. सुरुवातीचा दाब अचूक पडला आणि बंद करायचा दाब ४० मिलिसेकंद उशिरा पडला, तर लूप ८.०४ सेकंदांचा झाला. दर फेरीला सांध्यावर तेवढी फट पडणार. सोबत मेट्रोनोम किंवा ड्रमर असेल तर दहा फेऱ्यांत ४०० मिलिसेकंदांचा फरक साठतो, जवळपास एक अख्खी मात्रा. पण दोन्ही दाब ४० मिलिसेकंद उशिरा पडले असते तर लांबी बरोबर आठच सेकंद राहिली असती आणि लूप सुरेख फिरला असता. म्हणजे पाय अचूक पडण्यापेक्षा दोन्ही वेळा सारखा पडणं महत्त्वाचं आहे. हे एकदा लक्षात आलं की रियाजाची दिशा बदलते.

मग दोन दाब सारखे का पडत नाहीत? कारण ते दोन वेगळ्या अवस्थांत पडतात. पहिल्या दाबाच्या वेळी हात रिकामा असतो, सगळं लक्ष पायावर असतं, आणि बरेच जण पाय दाबून मग वाजवायला सुरुवात करतात. बंद करायच्या दाबाच्या वेळी हात कॉर्ड बदलत असतो, शरीराचा तोल एका पायावर जात असतो, आणि लूप संपला म्हणून हात नकळत थांबतो. या दोन हालचालींत फरक पडणारच.

यावरचा उपाय असा: रेकॉर्ड सुरू करण्याआधी वाजवायला सुरुवात करा. चार बारांची एक पूर्ण फेरी पेडल न दाबता वाजवा, दुसऱ्या फेरीच्या समेवर पहिला दाब टाका, आणि तिसऱ्या फेरीच्या समेवर दुसरा. हात तीनही फेऱ्या एकसारखा चालू राहिला पाहिजे. दुसरा दाब पडल्यावरही हात थांबवायचा नाही, निदान पुढच्या दोन मात्रा लूपसोबत वाजवत राहायचं. आता दोन्ही दाब एकाच अवस्थेत पडतात: हात चालू, कॉर्ड तोच, लय बसलेली.

याचा दुसरा फायदा आवाजात दिसतो. थांबलेल्या स्थितीतून रेकॉर्ड केलेल्या लूपच्या पहिल्या क्षणात शांतता असते, आणि शेवटच्या क्षणात मागचा कॉर्ड गुंजत असतो. सांध्यावर तो गुंजारव सुरी फिरवल्यासारखा कापला जातो. फिरत्या लयीतून सुरू केलेल्या लूपच्या सुरुवातीला आधीच्या फेरीची शेपूट आलेली असते, त्यामुळे शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिळून जातात. डिले किंवा रिव्हर्ब लूपरच्या आधी असेल तर हे फार ठळकपणे ऐकू येतं. थांबलेल्या स्थितीतून सुरू केलेला लूप बंद केल्यावर डिलेचे उरलेले पडसाद पहिल्या फेरीत तुम्हाला प्रत्यक्ष ऐकू येतात, म्हणून सगळं छान वाटतं. ते लूपमध्ये गेलेलेच नसतात. दुसऱ्या फेरीपासून लूपची सुरुवात अचानक कोरडी पडते आणि माणूस पेडलाला दोष देतो. काही लूपर बंद करताच प्लेऐवजी थेट ओव्हरडबमध्ये जाण्याची सोय देतात, त्यात ही शेपूट पकडली जाते. मॅन्युअलमध्ये रेकॉर्डनंतरचा क्रम बदलता येतो का, हे पाहून ठेवा. फक्त त्या क्रमात एक दाब जास्त लागतो, तो विसरलात तर ओव्हरडब चालूच राहील.

दाब कुठे टाकायचा याबद्दलही नेहमीचा एक घोटाळा आहे. चौथ्या बारची चौथी मात्रा वाजली की लूप झाला असं वाटतं आणि पाय तिथेच पडतो. तसं केलं तर १६ ऐवजी १५ मात्रांचा लूप होतो आणि दर फेरीला एक मात्रा गिळली जाते. लूप चौथ्या मात्रेवर संपत नाही, तो पुढच्या समेवर संपतो. मोजताना 'एक, दोन, तीन, चार, एक' असं मोजा आणि पाय त्या शेवटच्या 'एक'वर टाका. पाय चौथ्या मात्रेवर उचला, म्हणजे समेला तो खाली पोचलेला असेल. बरेच जण समेला पाय हलवायला सुरुवात करतात, आणि दाब तेवढा मागे पडतो.

कानाने निदान करणं सोपं आहे. सांध्यावर ठेका घाईने पुढे आला, धडकल्यासारखा वाटला, तर लूप लवकर बंद झालाय. सांध्यावर पोकळी वाटली तर उशिरा. अख्खी मात्रा गायब असेल तर मोजणी चुकली आहे, पाय नाही. तुमच्या मित्राच्या पेडलावर जे झालं ते यापैकी कुठलं, हे आठवून पाहा.

रियाजासाठी हा क्रम लावा. ॲम्पवर ओव्हरड्राइव्ह नाही, डिले नाही. डाव्या हाताने तारा हलक्या झाकून घ्या, म्हणजे फक्त 'चक चक' असा कोरडा आवाज येईल. ८० बीपीएमला मेट्रोनोमवर दोन बारांचा लूप करा, मेट्रोनोम बंद करा आणि आठ फेऱ्या नुसत्या टाळी देत ऐका. कोरड्या आवाजात फट लगेच कळते, गुंजणाऱ्या कॉर्डमागे ती लपते. सांधा कुठे आहे हे ओळखू येईनासं झालं की चार बारांवर जा, मग झाकलेल्या तारा मोकळ्या करा, मग लय ६० वर उतरवा. संथ लय जास्त अवघड असते, कारण दोन मात्रांमधल्या मोठ्या अंतरात पायाचा अंदाज भरकटतो. सर्वात शेवटी असा लूप करा ज्याच्या चौथ्या बारमध्ये शेवटच्या दोन मात्रा मोकळ्या सोडल्या आहेत. हात थांबलेला असताना पाय बरोबर पडला, तर लूपरचा पाय तयार झाला असं समजा.

गाण्याची ओळ समेच्या आधी दोन-तीन स्वरांनी उठत असेल तर ते स्वर पहिल्या रेकॉर्डमध्ये आणायच्या भानगडीत पडू नका. पाया, म्हणजे सगळ्यात खालचा पहिला थर, समेपासून समेपर्यंत रेकॉर्ड करा. ती उठान नंतर ओव्हरडबमध्ये घ्या, ती आपोआप लूपच्या शेवटी जाऊन बसते.

पायाच्या ठेवणीबद्दल थोडंसं. टाच जमिनीवर टेकवा आणि चवड्याने दाबा, अख्खा पाय उचलून वरून मारू नका. ज्या पायाने ठेका धरता त्याच पायाने पेडल दाबत असाल तर तो पाय रेकॉर्डच्या एक बार आधीपासून बटणावर अधांतरी ठेवा आणि ठेका मानेने किंवा दुसऱ्या टाचेने धरा. छोटं पेडल हलकं असल्यामुळे सरकतं, म्हणून एकटं वापरतानाही ते वेल्क्रोने कशाला तरी पक्कं करा. जागच्या जागी नसलेल्या बटणावर पाय वेळेत पडत नाही. बसून सराव करून उभं राहून वाजवायला गेलात तर पहिल्या दिवशी सगळे दाब पुन्हा हलतील, तेव्हा जसं वाजवणार तसाच सराव करा.

लूपर पेडलांच्या साखळीत कुठे ठेवायचा, हे तुमच्या सामानावर अवलंबून आहे. सर्वसाधारण जागा म्हणजे सगळ्या पेडलांच्या शेवटी. तिथे लूप जसा रेकॉर्ड झाला तसाच वाजत राहतो, आणि तुम्ही आधीचं ओव्हरड्राइव्ह चालू केलंत तर ते फक्त प्रत्यक्ष वाजवण्यावर लागतं. स्वच्छ आवाजात कॉर्ड, वर तापलेला सोलो, हे त्यामुळे जमतं. लूपर ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवलात तर लूप आणि सोलो दोन्ही एकत्र त्या पेडलातून जातात. दोन स्वतंत्र भाग एकाच डिस्टॉर्शनमध्ये शिरले की नुसता चिखल होतो. आधी ठेवण्याचा एकच चांगला उपयोग आहे: लूपमध्ये एक ओळ भरून हात मोकळे ठेवायचे आणि पुढच्या पेडलांचे नॉब फिरवत आवाज शोधायचा. त्यासाठी दहा मिनिटं केबल बदलून घेणं सार्थकी लागतं.

तुमचा ॲम्प इथे महत्त्वाचा आहे. डिस्टॉर्शन ॲम्पच्याच गेनमधून घेत असाल तर शेवटचं पेडलसुद्धा त्या गेनच्या आधीच येतं, आणि चिखलाची तीच तऱ्हा होते. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न (गेनच्या नंतर पेडल जोडायचे जॅक) असतील तर लूपर तिथे लावा. काही ॲम्पचा सेंड गिटार पेडलांना झेपणार नाही इतका तगडा असतो. तिथे पातळी कमी करायचा स्विच आहे का बघा, नाहीतर लूपरच्या आत आवाज फाटेल. सेंड-रिटर्न नसतील तर ॲम्प स्वच्छ ठेवा आणि डिस्टॉर्शन पेडलातून घ्या. तुमच्याकडे ओव्हरड्राइव्ह पेडल आहेच, त्यामुळे हे सोपं पडेल.

स्टिरिओचा विचार दोन ॲम्प किंवा थेट मिक्सर असेल तरच करा, आणि तेव्हा इनपुटही दोन हवेत. एका ॲम्पला मोनो पुरतो. अंगभूत ड्रमच्या ठेक्यांबद्दलही असंच. आरसी-५ मध्ये ५७ ठेके आहेत आणि ठेका चालू ठेवून रियाज करणं उपयोगी आहे, पण गिटार ॲम्पच्या स्पीकरमधून वरच्या पट्टीचा आवाज फारसा बाहेर पडत नाही. झांजा त्यातून बोथट ऐकू येतात. ठेका नीट ऐकायचा असेल तर हेडफोन किंवा साधा स्पीकर लागतो.

थर चढवताना बहुतेकांची चूक आवाजाच्या पातळीची असते. सारख्या पातळीचे दोन वेगळे भाग एकत्र आले की एकूण पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते, चार भागांना ६ डेसिबलने. पेडलाच्या आत वरची मर्यादा ठरलेली असते, ती ओलांडली की करकरीत फाटलेला आवाज येतो, आणि तो लूपमध्ये कायमचा बसतो. म्हणून पाया थोडा मऊ वाजवा आणि प्रत्येक पुढचा थर त्याहून हलक्या हाताने. लूपच्या आवाजाचा नॉब आधी असा लावा की रेकॉर्ड झालेला कॉर्ड आणि प्रत्यक्ष वाजवलेला कॉर्ड सारखे वाटतील, मग तिथून नॉब केसभर मागे घ्या. वर वाजवलेलं तेवढ्याने पुढे येतं.

जागेचीही वाटणी करा. पाया नेक पिकअपवर, टोनचा नॉब थोडा कमी करून, खालच्या तीन-चार तारांवर. दुसरा थर ब्रिज पिकअपवर, वरच्या तीन तारांवर, दहाव्या पडद्याच्या आसपास, आणि तोही दोन-चार मात्रांवर तुटक. पहिल्या थरात सगळ्या सहा तारा भरभरून स्ट्रम केल्या की पुढच्या कशालाही जागा उरत नाही. बाससारखा भाग हवा असेल तर पाम म्यूट करून (तळव्याच्या कडेने तारा हलक्या दाबून) फक्त मूळ स्वर वाजवा. ठेक्यासाठी झाकलेली जाडी तार सम आणि तिसऱ्या मात्रेवर, आणि झाकलेल्या वरच्या तारांचा चटका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. अकूस्टिकवर हेच काम गिटारच्या पुढच्या फळीवर तळव्याने आणि कडेवर बोटांनी होतं, पण तिथे आधी प्रीॲम्प (पिकअपचा सिग्नल सांभाळून पुढे देणारं यंत्र) हवा, कारण अकूस्टिकमधल्या पिएझो पिकअपला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स (विद्युत अडथळा) फार जास्त लागतो. शिवाय अकूस्टिक ॲम्पच्या समोर धरून ओव्हरडब चालू ठेवलं तर स्पीकरमधून येणारा लूप गिटारच्या लाकडात घुमून पुन्हा रेकॉर्ड होतो. दर फेरीला खालचे स्वर फुगत जातात आणि शेवटी घूं घूं सुरू होते. ॲम्प बाजूला वळवा आणि थर पुरा झाला की लगेच ओव्हरडबमधून बाहेर पडा.

हे बाहेर पडणं इलेक्ट्रिकवरही तितकंच गरजेचं आहे. ओव्हरडब चालू असताना तुम्ही काही वाजवत नसलात तरी पेडल ऐकत असतं. सिंगल कॉइल पिकअपची बारीक घूंघूं, बोटांची खरखर, पिक खाली पडल्याचा आवाज, सगळं थरावर थर साठतं. अनडूच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. पुष्कळ पेडलांत एकदा ओव्हरडबमध्ये जाऊन तीन फेऱ्या तिथेच राहिलात तर अनडू त्या तीनही फेऱ्यांचं एकदम पुसतं. एक थर, एक फेरी, आणि बाहेर, ही शिस्त ठेवा.

अनडू-रिडू फक्त चूक पुसायला नाही. कडव्यासाठी साधा पाया ठेवा, ध्रुवपदाच्या वेळी एक भरीव थर ओव्हरडब करा, पुढच्या कडव्याला अनडूने तो काढा, ध्रुवपदाला रिडूने परत आणा. एकाच ट्रॅकच्या छोट्या पेडलातून गाण्याचे दोन भाग असे निघतात. कॉर्डची मालिका मात्र दोन्ही भागांत तीच राहिली पाहिजे, ती बदलत असेल तर दोन स्वतंत्र लूपांमध्ये उडी मारता येणारं पेडल लागतं आणि ते छोटं नसतं. एका बटणाच्या पेडलात अनडू दाबून धरल्यावर होतो, म्हणजे तो थोड्या उशिराने लागतो. समेच्या आधीच दाबायला सुरुवात करावी लागते, आणि किती आधी हे त्या पेडलावर वाजवूनच कळतं.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नका. बहुतेक छोट्या लूपरना ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह असलेला अडॅप्टर लागतो. सर्वात छोट्या आकारात बॅटरीला जागाच नसते. अडॅप्टरवर लिहिलेले मिलिॲम्पिअर पेडलाच्या गरजेपेक्षा जास्त असले तर काही बिघडत नाही, कमी असले तर पेडल मध्येच रीसेट होतं. व्होल्ट मात्र तंतोतंत हवेत आणि पिनची दिशाही. डिजिटल लूपर आणि ओव्हरड्राइव्ह एकाच अडॅप्टरच्या साखळी-वायरवर लावले की पुष्कळदा शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, आणि ओव्हरड्राइव्ह चालू केल्यावर तो मोठा होतो. लूपरला एकट्याचा अडॅप्टर लावून पाहा. आवाज गेला तर कारण तेच होतं, आणि वेगळे केलेले आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घेणं हा पक्का उपाय.

तुमच्या स्थितीत मी असं ठरवेन. घरातच वाजवणार असाल, एकच ॲम्प असेल, तर एका बटणाचा मोनो लूपर घ्या. गाण्यासोबत वापरायचा विचार पुढे-मागे असेल तर बाहेरचा स्विच जोडता येणारं छोटं पेडल. साठवणीच्या जागा, ठेके, उलटं वाजवणं हे सगळं यानंतर.

वापरलेलं पेडल मिळत असेल तर घेताना गिटार लावून पाच गोष्टी पाहा. बटण हळू आणि जोरात असं पंधरा-वीस वेळा दाबा: एका दाबात दोनदा काम झालं, म्हणजे रेकॉर्ड सुरू होऊन लगेच बंद झालं, तर स्विच झिजलाय. तो बदलता येतो, पण किमतीत धरा. लूप वाजत असताना नॉब पूर्ण फिरवा, खरखर ऐका. केबलचं टोक जॅकमध्ये हलवून आवाज तुटतो का ते पाहा. लूप न पुसता वीज काढून पुन्हा द्या, मॅन्युअलमध्ये लूप टिकतो असं म्हटलं असेल तर तो खरंच टिकतो का ते कळेल. आणि शेवटी तारा झाकून चार बारांचा एक कोरडा लूप करून पाहा, पण आधी एक फेरी वाजवून मग दाबलेला.